छापाचं वजन

येरवडा
१ जुलै २०२४, सोमवार

दोन रविवार तुझ्यासाठी मटण शिजवलं आणि दोन्ही रविवारी ते तुझ्या बापाने एकट्याने संपवलं. त्याला डॉक्टरने मटण बंद सांगितलंय. म्हणजे त्याचं काही झालं तर ते तुझ्या नावावर. तुझा निरोप काय, तर "काम आहे". तोही तुझ्या आईच्या फोनवर. ललिताने तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि वाचताना हसली. दोन शब्दांत हसण्यासारखं काय होतं ते तिलाच ठाऊक.

कल्याणी, जय भीम. आता खुशाली विचारते. बरी असशीलच.

फोन मला चालत नाही हे तुला माहीत आहे. कानातलं यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी मारतं. आणि फोनवर लिहून पाठवलं की ते घरातले सगळे वाचतात. पत्र मी एकटी वाचते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गाला जाऊन लिहायला शिकले ते काही नुसती सही करण्यासाठी नाही. येरवड्याहून पाषाणला पत्र जायला दोन दिवस लागतात. पायी निघाले तर मी दुपारच्या जेवणाला पोचेन, पण पोस्टाचाही कुणीतरी मान ठेवला पाहिजे.

शेजारच्या सुशीलाबाईने परवा विचारलं, नात पाषाणला राहून करते काय. मी म्हणाले, प्रयोगशाळेत वाफेचा दाब मोजते. ती म्हणाली, कुकर लावायला एवढं शिकावं लागतं का. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही. मला सुचलं नाही असं सहसा होत नाही, म्हणून दोन दिवस डोकं तापलंय. तू नक्की काय मोजतेस ते मला कळेल असं लिही. तुमच्या मॅडमला लिहितेस तसं नको.

आणि तुझं काहीतरी बिनसलंय. ज्या माणसाला खरंच काम असतं तो काय काम आहे ते सांगतो. नुसतं "काम आहे" म्हणणारा काहीतरी झाकतो. आईला सांगितलं नसलंस तर नसो. मला लिही.

कांताबाई


पाषाण
५ जुलै २०२४

प्रिय आजी,

जय भीम. मटणाबद्दल सॉरी. पप्पांना तू वाढतेस, त्याचं पाप माझ्यावर कसं?

सुशीलाबाईंना हे सांग. डांबराच्या गोळ्या ट्रंकेत ठेवल्या की वर्षभरात बारीक होतात ना? त्या विरघळत नाहीत, सरळ हवेत उडतात. एखादा पदार्थ किती जोराने उडू बघतो, ते म्हणजे त्याचा बाष्पदाब. एका कंपनीने डांबरगोळीच्या जागी वापरायला एक नवा पदार्थ बनवलाय. तो फार उडाला तर लहान मुलं असलेल्या घरात ठेवता येणार नाही. अगदीच कमी उडाला तर कपडे खाणारी कसर मरणार नाही. म्हणून त्याचा दाब आधी नीट कळायला हवा, आणि तो मोजायचं काम माझ्याकडे आहे.

मोजायचं असं. अंगठ्याएवढी धातूची डबी असते, तिच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक. पदार्थ डबीत भरून वजन करायचं. मग डबी एका बंद भांड्यात ठेवून भांड्यातली सगळी हवा पंपाने ओढून घ्यायची आणि ठरलेल्या उष्णतेला ती दिवसभर तशीच ठेवायची. संध्याकाळी बाहेर काढून पुन्हा वजन. जेवढं वजन घटलं तेवढा पदार्थ भोकातून उडाला. त्या घटीवरून हिशेब करून दाब निघतो. सोपं आहे.

सोपं आहे, पण आकडा जुळत नाहीये. कंपनीच्या अंदाजाने तीनएक मिलिग्रॅम घट यायला हवी, मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. सोमवारी सहा आली, मंगळवारी पाच, गुरुवारी सात. एकच पदार्थ, एकच डबी, आणि रोज वेगळा आकडा. प्रेमला मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, म्हणतात की आकडा पुन्हा पुन्हा तोच आला पाहिजे, नाहीतर तो आकडाच नव्हे. माझ्या नावाने जाणारा हा पहिला रिपोर्ट आहे. महिनाअखेर माझी उमेदवारी संपते. हा रिपोर्ट नीट गेला तर मी कायम होईन, नाहीतर नाही. मम्मीला सांगू नकोस.

सकाळचं वजन मी करते. संध्याकाळी डबी काढून वजन करतो तो साईनाथ, आमचा टेक्निशियन. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, फार शिकलेला नाही. मला वाटतं, डबी काढताना तो धक्का देतो आणि भोकातून पूड सांडते. म्हणून घट जास्त येते. पण हे सिद्ध कसं करू?

तुझी
कल्याणी


येरवडा
९ जुलै २०२४, मंगळवार

सिद्ध करत काय बसलीस? तिथं कोर्ट भरलंय का?

सकाळी तू तोललंस, संध्याकाळी त्याने तोललं, मध्ये माल कमी झाला. दोनच हात लागले. त्यातले तुझे नाहीत. मग राहिले कुणाचे? एवढ्यासाठी दोन आठवडे तोंड लपवून बसलीस?

मी बिड्या वळायचे तेव्हा असाच एक धरला होता. आमच्याच वस्तीतला, कचरू नावाचा. कारखान्यात आम्हा बायांना तंबाखू तोलून द्यायचा. तागडीवर अंगठा दाबायचा. घरी आणून वाण्याच्या काट्यावर घातली की तंबाखू दर वेळी कमी भरायची. तंबाखू कमी म्हणजे बिडी पोकळ. पोकळ बिडी तपासणारा छाट म्हणून फेकून देणार, आणि छाटीचे पैसे कापून घेणार ते आमचे. इतर बाया घरी बसून रडायच्या. मी चाळीस जणींना घेऊन कारखान्याच्या दारात उभी राहिले. म्हणाले, हा राहील नाहीतर आम्ही राहू. दुसऱ्या दिवशी कचरू नव्हता. अजूनही वस्तीतल्या म्हाताऱ्या त्या दिवसाची आठवण काढतात.

तेव्हा मॅडमसमोर जा आणि सांग. तोंडी नको, तोंडी बोललेलं माणसं सोयीने विसरतात. कागदावर दे, खाली सही कर. मिळमिळीत लिहू नकोस. "मला वाटतं" वगैरे तर अजिबात नको. मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांना कळेल.

सुशीलाबाईला डांबरगोळीचं सांगितलं. आता ती म्हणते, तिच्या ट्रंकेतल्या गोळ्या तिची सून चोरते असं तिला दहा वर्षं वाटत होतं. घे, तुझ्या शिक्षणाने एका सुनेचं तरी भलं झालं.

कांताबाई


पाषाण
१५ जुलै २०२४

प्रिय आजी,

तू सांगितलंस तसं केलं. शुक्रवारी मॅडमना लेखी दिलं. "साईनाथ डबी हाताळताना निष्काळजीपणा करतात, त्यामुळे पूड सांडते." सही केली.

मॅडमनी त्याला बोलावलं. तो आवाज न चढवता म्हणाला, मी सांडत नाही. मग म्हणाला, शनिवारची वही बघा. दर शनिवारी आम्ही नव्या पदार्थाऐवजी एक ओळखीचा पदार्थ डबीत घालतो, ज्याचा दाब जगभर सगळ्यांना ठाऊक आहे. आपली उपकरणं ठीक आहेत ना, हे बघायला. तो तर बरोबर येतोच, तिन्ही शनिवारी अगदी काट्यावर आला. पण त्याचा याच्याशी काय संबंध? उलट उत्तर द्यायचं म्हणून दिलेलं उत्तर.

मॅडमनी माझा कागद फाइलला लावला. साईनाथचा करार ३१ जुलैला संपतो. ऑफिसमधले म्हणतात की यंदा तो पुढे वाढवणार नाहीत. तो वाघोलीहून रोज दोन बस बदलून येतो. घरी बायको आणि मुलगी आहे. मला जरा वाईट वाटलं, पण तू म्हणालीस तसं, दोनच हात लागले होते.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. डबीला हात लावायची परवानगी त्याला नाही. आता संध्याकाळचं वजनही मीच करते. आकडा अजून जुळलेला नाही. आज पाऊस होता, आठ आली. मी दमलेय आजी. सकाळी मेसचा चहा टाकून धावत नऊला पोचते, फ्रीजमधून पदार्थाची बाटली काढते, लगेच उघडते, डबी भरते, वजन करते. साडेनऊला पंप सुरू झालाच पाहिजे, नाहीतर दिवस वाया. याहून जास्त काळजी कुणी काय घ्यायची?

कल्याणी


येरवडा
१८ जुलै २०२४, गुरुवार

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी कीव आली. दुसऱ्यांदा तुझा राग आला. तिसऱ्यांदा माझा आला.

आता मी विचारते त्याची उत्तरं मनातल्या मनात दे. साईनाथने हात काढला, तरी घट जास्तच येते. मग सांडत कोण होतं? ओळखीचा पदार्थ त्याच डबीत, त्याच साईनाथच्या हाताने, तिन्ही शनिवारी बरोबर आला. तो फक्त सोमवार ते शुक्रवार सांडतो आणि शनिवारी सांडत नाही, असा माणूस मी चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिला नाही. आमच्या कारखान्यात सरकारी छापाचं वजन असायचं. काट्यावरून भांडण झालं की ते तागडीत ठेवायचं, की काटा खरा का खोटा ते लगेच कळतं. तुमचा शनिवारचा पदार्थ म्हणजे ते छापाचं वजन. साईनाथ तुला तेच सांगत होता. तुला ते उलट उत्तर वाटलं.

आता फ्रीजचं. तुझी आई मसाल्याचा डबा फ्रीजमध्ये ठेवते. काढते आणि ताबडतोब उघडते. महिनाभरात मसाल्याचे गठ्ठे होतात आणि ती दुकानदाराला शिव्या देते. मी शंभर वेळा सांगितलं, डबा गार आहे, हवा दमट आहे, उघडलास की मसाल्यावर घाम धरतो. आधी गारवा जाऊ दे, मग झाकण काढ. ऐकत नाही. ओळखीच्या पदार्थाची बाटली तुम्ही कुठे ठेवता? फ्रीजमध्ये नसणार, पैज लावते.

काल मी करूनही पाहिलं. डांबराची गोळी बाटलीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. ललिताने घर डोक्यावर घेतलं, दुधाला वास लागेल म्हणून. लागला. सकाळी बाटली उघडून गोळी काळ्या कापडावर काढली आणि शंभर आकडे मोजले. गोळीवर ओल, कापडावर ओला डाग. तू सकाळी तोलतेस तो तुझा पदार्थ नाही, पदार्थ आणि पाणी तोलतेस. पंप लावला की पाणी पहिल्यांदा पळतं. संध्याकाळी ते नसतं. पाऊस असला की जास्त पळतं. तूच लिहिलंयस, आज पाऊस होता, आठ आली.

उद्या बाटली बंदच ठेव. गारवा जाऊ दे. मग उघड.

कांताबाई


पाषाण
२४ जुलै २०२४

प्रिय आजी,

तीन पूर्णांक एक. तीन पूर्णांक शून्य. तीन पूर्णांक एक. तीन दिवस, तीन आकडे, आणि त्यातले दोन दिवस धो धो पाऊस.

ओळखीच्या पदार्थाची बाटली कपाटात असते. तू पैज जिंकलीस. आणि आता तुला एक सांगते, रागवू नकोस. नव्या पदार्थाच्या बाटलीवर लिहिलेलंच आहे, उघडण्याआधी एक तास बाहेर ठेवा. मी ते पहिल्या दिवशी वाचलं होतं. तास गेला तर पंप साडेदहाला लागतो, मग संध्याकाळी आठची बस. म्हणून मी तास सोडला. नंतर आकडे बिघडले तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर एकदा आठवलं होतं.

मॅडमना आकडे दाखवले. त्या खूश झाल्या. रिपोर्ट गेला. मी कायम झाले, आजी. पहिला पगार झाला की तुला नवं कानाचं यंत्र घेऊ.

साईनाथचं मी बोलेन मॅडमशी, योग्य वेळ बघून. आत्ता लगेच बोलले तर बाटलीचं सांगावं लागेल, आणि कायम होऊन एक दिवसही झालेला नाही. तू समजून घेशील.

तुझी
कल्याणी


येरवडा
२६ जुलै २०२४, शुक्रवार

नाही घेणार समजून.

यंत्र नको. मला जे ऐकायचं ते याच यंत्रातून ऐकू येतं.

तुला कचरूचं सांगितलं होतं ते अर्धं सांगितलं होतं. उरलेलं ऐक. कचरू गेल्यावर त्याच्या जागी दुसरा आला. त्याचे दोन्ही हात आम्ही डोळ्यांत तेल घालून बघायचो. तरीही घरी तंबाखू कमीच भरायची. पावसाळा संपला आणि आपोआप पुरी भरू लागली. तेव्हा मला कळलं. कारखान्यात तंबाखू ओलसर गोण्यांत असायची आणि मी ती घरी आणून चुलीवरच्या फळीवर ठेवायचे. रात्रभरात पाणी उडायचं. सकाळी वाण्याचा काटा खरंच सांगायचा. कचरूच्या अंगठ्याने काहीच केलं नव्हतं. तो त्या दिवशी दारात ओरडून सांगत होता, छापाचं वजन आणा, छापाचं वजन ठेवा. आम्ही चाळीस जणी त्याच्याहून मोठ्याने ओरडत होतो.

आठवड्याने त्याने एक चिठ्ठी पाठवली. मला वाचता येत नव्हतं, शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवली. एकच ओळ होती. "कांताबाई, माझा अंगठा तागडीवर तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिला होता का?" मी पाहिला नव्हता. तागडी माझ्यापासून पंधरा हात लांब होती. मी मास्तरांना म्हणाले, उत्तर काही नाही. त्याच्यासाठी मी पुढे लिहायला शिकले असं समजू नकोस. निराधार योजनेच्या फॉर्मावर अंगठा उठवताना तिथला कारकून हसला होता, म्हणून शिकले.

तंबाखूचं खरं कळल्यावरही मी कुणाला सांगितलं नाही. मीही योग्य वेळ बघत होते. त्याला चाळीस वर्षं झाली.

तो कागद तू माझ्या सांगण्यावरून दिलास. त्यातला माझा वाटा मी उचलते. पण सही तुझी आहे. ३१ तारीख बुधवारी येते. त्याआधी मॅडमकडे जा, दुसरा कागद दे, त्यात बाटली लिही, तास लिही, आणि पहिल्या दिवशी वाचलं होतंस तेही लिही. साईनाथ समोर असताना वाचून दाखव. नोकरी गेली तर घरी ये, मटण आहेच.

हे पत्र त्याला वाचायला दे. आणि याचं उत्तर तू द्यायचं नाहीस, त्याने द्यायचं. तुझ्या अक्षरातलं पाकीट आलं तर मी ते न फोडता परत पाठवीन. पोस्टाला दोन दिवस आणखी काम.

कांताबाई


वाघोली
१ ऑगस्ट २०२४

आदरणीय आजी,

स. न. वि. वि. तुम्ही मी लिहावं असं सांगितलंत म्हणून लिहितो. पत्राची सवय नाही.

मंगळवारी कल्याणी मॅडमनी प्रेमला मॅडमसमोर कागद वाचला. मी तिथे होतो, ऑफिसचेही दोघे होते. बाटलीचं वाचताना त्या अडखळल्या, पण गाळलं काही नाही. प्रेमला मॅडम आधी कल्याणी मॅडमना बरंच बोलल्या. कायम केल्याचं पत्र त्यांनी परत घेतलं, उमेदवारी तीन महिने वाढवली. मग माझा करार सहीला मागवला. मला एक वर्ष मिळालं. आता सकाळी बाटली बाहेर काढायचं काम माझ्याकडे आहे, मी आठला येतो.

मी कल्याणी मॅडमना माफ केलं असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. तसं अजून झालेलं नाही. डबीपुरतं बोलतो. बाकीचं पुढे बघू.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एक विचारायचं राहिलं. कचरूंच्या त्या चिठ्ठीचं पुढे काय केलंत? आता तर तुम्हाला लिहिता येतं.

आपला
साईनाथ


येरवडा
४ ऑगस्ट २०२४, रविवार

तुझा साईनाथ आगाऊ आहे. मला आवडला. त्याने माफ केलं नाही ते बरोबर केलं, तू त्याच्या मागे लागू नकोस. आठ वाजता येणाऱ्या माणसाला चहा मात्र विचारत जा.

कल्याणी, तीन महिने वाढले तर वाढले. आकडा तर खरा आहे ना? मग तो तुझाच आहे, तो कोणी परत घेत नाही.

आता एक जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कचरू जिवंत आहे. स्वारगेटला त्याच्या मुलीचा केळ्यांचा गाडा आहे, तिथे दुपारी स्टूल टाकून बसलेला असतो. गेली वीस वर्षं मी स्वारगेटला उतरले की त्या बाजूने जात नाही, लांबून वळसा घालते. लोकांना वाटतं गुडघ्यांमुळे हळू येते.

काल रात्री चिठ्ठी लिहिली. कच्ची लिहिली, मग पक्की लिहिली. एकच ओळ आहे. "कचरूभाऊ, नव्हता पाहिला." खाली माझी सही. उद्या दुपारी मी स्वतः नेऊन देणार आहे. गाड्याच्या समोरून जाणार आहे, वळसा नाही. तुझ्या बापाने सोबत यायचं नाही, तू बस पकडून यायचं नाही, आणि ललिताने शेजारी बोलायचं नाही.

तो शिव्या देईल, केळं देईल, की तोंड फिरवून बसेल ते त्याचं तो ठरवेल. चाळीस वर्षं त्याने उत्तराची वाट पाहिली, आता त्याच्या उत्तराची वाट पाहायची पाळी माझी. ते त्याने द्यायचं आणि मला द्यायचं. तुम्हा कुणालाही मध्ये तोंड घालायची परवानगी नाही.

कांताबाई